म्हशीची साखळी, पाच आठवड्यांचं पिल्लू

"माणसात सोडलं तर बिघडतंय ओ, राखणीला ठेवायचंय!" खानापूरकडच्या एका शेतघरापाशी आज कानावर आलेलं वाक्य. पिल्लू मुधोळ हाउंडचं, म्हणजे मुधोळकडच्या शिकारी जातीच्या कुत्र्याचं, जेमतेम पाच आठवड्यांचं. गळ्यात म्हशीची साखळी, मान जमिनीला टेकलेली.

मुधोळ हाउंड नजरेनं शिकार धरतो. ससा पळाला की हा सुटलाच. ते रक्तातलं, मार देऊन जात नाही. परक्यापासून चार हात लांब राहणंही त्यातलंच. पण अंगावर धावून जाणं बहुतेकदा भीतीतून येतं.

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे दिसतं ते पुढं आपलं वाटतं: छत्री, मोटारसायकल, पोरांचा गलका. आठ आठवड्यांआधी आई-भावंडांपासून तोडलं, तर दात किती जोरात लावायचे हे शिकायचंच राहतं.

गुरगुरलं म्हणून फटका दिला की गुरगुर थांबते, भीती नाही. पुढच्या खेपेला इशाऱ्याविना थेट चावा. त्यापेक्षा नवा माणूस लांबूनच दाखवा, भाकरीचा तुकडा टाका, रोज थोडं अंतर कमी करा. पाच मिनिटं पुरे.

आणि पिल्लू घेताना उंची-रंग नंतर. त्याची आई परक्याला बघून शेपूट पोटात घालते का, हे कोण बघतं आपल्याकडं?