दुसऱ्यांदा पाहूनही भीती वाटेल असा सिनेमा, तुम्ही विचारलंत म्हणून

"तू एवढे हॉरर बघतेस, तर असा एखादा सांग ना, जो दुसऱ्यांदा बघतानाही भीती वाटेल." ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. मी विचार करून, समोरच्याचा स्वभाव बघून नाव सुचवते. आठवड्याने निरोप येतो, "काही नाही गं, बोअर झाला." खोदून विचारलं की कळतं, मोबाइलवर, पोळ्या लाटताना, मधला भाग पुढे ढकलत पाहिला होता. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

दचकणं वेगळं आणि भीती वेगळी, एवढं तरी मान्य करा. दार कुठे आपटणार हे कळल्यावर दचकणं संपतं. भीती त्याच्यावर अवलंबून नसते. 'द शायनिंग' (१९८०) मध्ये लहानगा डॅनी हॉटेलच्या रिकाम्या कॉरिडॉरमधून तीनचाकी चालवतो. लाकडी फरशीवर चाकांचा खडखडाट होतो, गालिच्यावर गेला की आवाज एकदम दबतो, परत खडखडाट. त्या दोन मुली कुठल्या वळणावर उभ्या आहेत ते मला पाठ आहे, तरी तो आवाज सुरू झाला की पोटात गोळा येतो. 'हेरेडिटरी' (२०१८) मध्ये मुलगा अंधाऱ्या खोलीत जागा होतो आणि त्याच्या मागे, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, आई चिकटलेली असते. संगीत चढत नाही, कॅमेरा तिकडे लक्ष वेधत नाही. पहिल्यांदा मला ती दिसलीच नव्हती. शेजारी बसलेल्या बहिणीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा दिसली. दुसऱ्यांदा नजर त्या कोपऱ्यातून हलतच नाही.

म्हणून बरीच वर्षं मी ठामपणे सांगायचे, जो सिनेमा बोट दाखवत नाही तो टिकतो. मग 'लपाछपी' दुसऱ्यांदा पाहिला.

पहिल्यांदा पाहिला २०१७ मध्ये, थिएटरात, लग्नाआधी. आठ महिन्यांची गरोदर नेहा आणि तिचा नवरा देणेकऱ्यांपासून लपायला ड्रायव्हरच्या गावी, उसाच्या फडातल्या घरात येऊन राहतात. तेव्हा मी घाबरले ती उसाला. ड्रायव्हरची बायको, उषा नाईक यांनी केलेली, मला प्रेमळ वाटली होती. पुढे तिचं काय होतं ते बाजूला ठेवा, माझ्या डोक्यात ती सुरुवातीची प्रेमळ बाईच राहिली होती.

माझं डोहाळजेवण गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंग निदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, सोनोग्राफीला जाताना तशी पाटी मी प्रत्येक वेळी वाचत होते. हा तर नुसता खेळ. मी वाटी उघडली, बर्फी निघाली. बायका हसल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याच्या आत्या, निफाडकडच्या, पुढे आल्या. माझ्या हातातली वाटी त्यांनी अलगद काढून घेतली, झाकण घातलं, दोन्ही वाट्या पदराआड फिरवल्या आणि म्हणाल्या, "घाई केलीस गं बाई. आता नीट उचल." एक वाटी त्यांनी बोटाने जराशी माझ्याकडे सरकवली. मी तीच उचलली. पेढा निघाला. आत्यांनी माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. सगळ्या हसत होत्या आणि मीही हसत होते. फोटोत मी छान दिसते.

त्यांच्या आवाजात विखार नव्हता, हे मुद्दाम लिहिते. मला मुलगी झाली. बाळंतपणात रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन बसल्या त्या याच आत्या, आणि आजही तिचे सगळ्यात जास्त लाड त्याच करतात. मग मी राग कुणावर धरू? धरलेला नाही असंही म्हणवत नाही.

त्या कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत 'लपाछपी' परत लावला. ती बाई नेहाची विचारपूस करते, काय हवं नको बघते, आणि मला बघवेना. भूत यायच्या आधीच मी टीव्ही बंद केला. बाकीचा पाहिला तो मुलगी झाल्यावर. "पोटुशीने असलं कशाला बघावं," असं मला तेव्हाही ऐकवलं गेलं आणि अजूनही विचारलं जातं. वाट्यांच्या खेळाने बाळावर परिणाम होईल, असं मात्र त्या हॉलमध्ये कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

म्हणजे सिनेमा तोच राहतो, बदलतो आपण, असं म्हणू का? नवऱ्याचं उदाहरण त्याच बाजूचं आहे. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा त्याला त्यातला पाऊस आणि छायाचित्रण आवडलं, एवढंच. २०२४ मध्ये तो परत थिएटरला लागला, तेव्हा पंचवटीतल्या त्यांच्या वाड्याच्या वाटण्या चालल्या होत्या. बाप मुलाला खजिन्याकडे घेऊन जातो, तिथे तो खुर्चीत आक्रसून बसला. 'लपाछपी' दुसऱ्यांदा पाहताना मात्र त्याला झोप लागली होती.

पण माझी आधीची मी एवढ्यावर गप्प बसत नाही. ती म्हणते, मग 'काइरो'चं काय? २००१ चा जपानी सिनेमा. अंधाऱ्या खोलीत एक बाई सावकाश चालत येते, मधेच तिचा पाय लचकतो, तोल जातो, ती सावरते आणि परत चालू लागते. या बाईचा माझ्या आयुष्याशी काडीचा संबंध नाही, तरी कितीही वेळा पाहिलं तरी पाय लचकला की माझा श्वास अडकतो. याचं उत्तर माझ्याकडे नाही. कधी मला वाटतं भीती त्या चालण्यातच आहे, बघणारा कुणीही असो. मग ती वाटी आठवते आणि ते खरं वाटेनासं होतं.

तरी नाव हवंच असेल, तर 'द इनोसंट्स' (१९६१) घ्या. कृष्णधवल आहे, संथ आहे, एका बसणीत बघा. तळ्यापलीकडे लव्हाळ्यात भर दिवसा काळ्या कपड्यातली एक बाई उभी दिसते, बस एवढंच. पहिल्यांदा त्या बाईकडे बघा. दुसऱ्यांदा मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडे बघा, ती मुलांना किती घट्ट धरते, किती प्रेमाने बोलते ते. मग मला सांगा, मुलांना धोका नक्की कुणाकडून आहे. माझं मत दर वेळी बदलतं.