टोपी मेली, दारू जिवंत

पोलिसांच्या पत्रात आम्हा न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या लोकांना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. सोबतची वस्तू काडतूस आहे काय? असल्यास जिवंत आहे काय? कोणत्या हत्यारातून झाडता येईल? उत्तरंही बहुतेक वेळा ठरलेली, कारण आमच्या टेबलावर येतात ते गावठी कट्टे आणि त्यांच्याबरोबरची ७.६५ ची काडतुसं. ही पाहायला फार डोकं लागत नाही, फक्त नोंदी नीट ठेवाव्या लागतात.

हे प्रकरण वेगळं निघालं. जुना वाडा पाडताना भिंतीतल्या कोनाड्यात एक पत्र्याचा डबा सापडला. ठेकेदाराने पोलिसांना कळवलं आणि वाड्याच्या सत्तरीतल्या मालकावर विनापरवाना दारूगोळा बाळगल्याचा गुन्हा दाखल झाला. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘७ नंबरची जुनी काडतुसे’. पुंगळीच्या बुडावर रोमन सात ठोकलेला होता, तो फौजदारांनी नंबर धरला. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही, पंचनामा अंधारात बॅटरीच्या उजेडात झालेला. पण त्याच डब्याच्या झाकणावर काडी पेटवून, लाख वितळवून चार सीलं ठोकली होती. आत काय आहे हे माहीत असूनही! सील अखंड असल्याशिवाय मुद्देमाल स्वीकारायचा नाही हा आमचाच नियम, म्हणजे पाप अर्धं आमच्याही माथी.

डबा घेऊन आलेले हवालदार निवृत्तीला टेकलेले. झाकण उघडताच म्हणाले, “मॅडम, ही तर आपली थ्री नॉट थ्री. ट्रेनिंगला हीच मारायचो आम्ही.” बरोबर होतं. बुडावर के.एफ., म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का, शेजारी ४३ आणि तो रोमन सात. ४३ म्हणजे १९४३. सातापुढे ‘झेड’ असता तर आत नुसत्या नायट्रोसेल्युलोजची दारू असती. नुसता सात म्हणजे कॉर्डाईट, नायट्रोग्लिसरीन मिसळलेली इंग्रजांची जुनी दारू. मालकांचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीचं.

टाचणीच्या टोकाएवढा नमुना घेऊन आमच्या विभागातल्या नव्या मुलीने ठरलेल्या पद्धतीने तपासणी केली. नायट्रोग्लिसरीन मिळालं, नायट्रोसेल्युलोज मिळालं, डायफिनिलअमाईन मात्र नाही. आमच्या पद्धतीत ते सापडणं हा धूरविरहित दारूचा ठळक पुरावा. तिने मसुद्यात लिहून टाकलं, ‘प्रचलित धूरविरहित दारूशी जुळत नाही’. वाक्य खोटं नव्हतं, पण कोर्टात त्याचा अर्थ ‘ही दारूच नव्हे’ असा झाला असता. दोष मुलीचा नाही. पद्धत लिहिणाऱ्यांनी आजच्या दारूपलीकडे पाहिलंच नाही.

डायफिनिलअमाईन दारूत घालतात ते तिला सांभाळायला. शोनबाईनने १८४६ मध्ये बाझेलला कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून गनकॉटन, म्हणजेच नायट्रोसेल्युलोज, काढला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडात फॅव्हरशॅमचा गनकॉटनचा कारखाना उडाला. हा पदार्थ स्वस्थ पडून असतानाही कणाकणाने कुजतो. कुजताना नायट्रोजनचे ऑक्साईड सुटतात आणि तेच कुजण्याला आणखी वेग देतात. फ्रान्सच्या पॉल व्हिएयने १८८४ मध्ये तो एथर-अल्कोहोलमध्ये मळून, लाटून, कापून पहिली कामाची धूरविरहित रायफलची दारू केली. लगेच १८८६ ची लेबेल रायफल आली आणि साऱ्या युरोपची झोप उडाली. काळ्या दारूच्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग जळल्यावर घनरूपात उरतो, म्हणून तो पांढरा लोट उठतो आणि बार कुठून झाला ते शत्रूला दिसतं. नवी दारू जवळजवळ सगळीच वायू होते. पण फ्रेंचांनी ती सांभाळण्याचं गणित उशिरा सोडवलं. तूलाँच्या बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका स्वतःच्याच कोठारातल्या दारूने उडाल्या, शेकडो खलाशी गेले. त्यानंतरच डायफिनिलअमाईनची बूज राखली गेली.

इंग्रजांचा मार्ग निराळा. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर (थर्मासच्या बाटलीमागचे तेच ड्यूअर) यांनी १८८९ मध्ये नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन ॲसिटोनमध्ये मळून त्याच्या दोऱ्या ओढल्या. त्यात पाच टक्के व्हॅसलीन घातलं ते नळीला वंगण म्हणून. वंगण म्हणून त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण तेच कुजण्याला लगाम घालतं असं पुढे लक्षात आलं! म्हणून आमच्या काडतुसात डायफिनिलअमाईन नाही, व्हॅसलीन आहे. मुलीला म्हटलं, आता खनिज तेलाची हायड्रोकार्बनं शोध. सापडली. मसुद्यातलं ते वाक्य गेलं.

एक काडतूस मी स्वतः उघडलं. गोळी ओढून काढल्यावर आत चकचकीत पुठ्ठ्याची चकती, तिच्याखाली शेवयांच्या जुडीसारख्या तपकिरी काड्या. काडतूस उपडं करून ठोकलं तरी जुडी बाहेर पडत नाही, कारण ती पुंगळीच्या मानेपेक्षा जाड असते. कारखान्यात सरळ पुंगळीत आधी जुडी भरायची आणि मग पुंगळीची मान आवळायची, अशी रीत होती. आत दारू असताना पितळ दाबायचं काम खडकीत रोज किती हातांनी केलं असेल! एकेक काडी चिमट्याने काढावी लागते. भिंगाखाली धरली की मधलं भोक दिसतं. भरीव काडी जळत जाते तसा तिचा पृष्ठभाग घटतो आणि वायूचा जोर उतरतो. पोकळ काडी बाहेरून बारीक होते तशी आतून रुंदावते, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो. शिवाय या काडीत नायट्रोग्लिसरीन ३० टक्केच. पहिल्या कॉर्डाईटमध्ये ते ५८ टक्के होतं. त्याच्या आचेने ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतले उथळ आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, चाटून नेले, म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एनफील्ड आणावी लागली.

काडीचा तुकडा ॲसिटोनमध्ये टाकला की फुगून चिकट होतो. टेबलावरची ती बाटली आज कुणाच्या खिजगणतीत नसते. पहिल्या महायुद्धात मात्र ॲसिटोनसाठी ब्रिटनचा जीव टांगणीला लागला होता. रसायनशास्त्रज्ञ वाइझमनने मँचेस्टरमध्ये जिवाणूंकडून मक्याचं ॲसिटोन करून घेतलं आणि मका कमी पडला तेव्हा सरकारने शाळकरी मुलांना रानातली हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला धाडलं. हिंदुस्थानातलं कॉर्डाईट निलगिरीत अरुवनकाडूला होई.

स्फोटक विभागातल्या एका ज्येष्ठांनी हौसेने एबलचीच उष्णता-चाचणी लावली. काड्यांचा चुरा नळीत घालून ८२ अंशांच्या आसपास तापवायचा आणि वर पोटॅशियम आयोडाईड-स्टार्चचा अर्धा ओला केलेला कागद टांगायचा. दारू कुजलेली असेल तर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर तपकिरी रेघ झटकन उमटते. आम्ही वाट पाहून कंटाळलो. सरांनी घड्याळ बंद केलं आणि म्हणाले, “ही आपल्याहून निरोगी आहे.”

मग झाडून पाहायचा दिवस. इतकं जुनं काडतूस खांद्याला लावून मारायचं नसतं. रायफल चौकटीत आवळली, चापाला दोरी बांधली, समोर वाळूची पोती. पहिलं काडतूस व्यवस्थित उडालं, पुंगळीची मान मात्र उभी चिरली. मान आवळताना पितळात राहून गेलेला ताण वर्षानुवर्षांनी असा चिरा पाडतो. दुसरं नुसतं टक्. तिसरंही टक्. नवी मुलगी सवयीने पुढे निघाली, तिचा दंड मी धरला. एक श्वास होईपर्यंत काही नाही आणि मग धाड्! टोपी, म्हणजे काडतुसाच्या बुडातली दारूला ठिणगी देणारी कॅप, अर्धमेली असली की ठिणगी रेंगाळते. म्हणून टक् झाल्यावर रायफलीला हात न लावता थांबायचं, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान डोलावतो. हवालदार भिंतीला टेकून उभे होते, म्हणाले, “आमच्या उस्तादांनी यासाठीच थोबाडीत दिली होती.” शेवटी नळीत उकळतं पाणी ओतायलाही त्यांनीच आठवण केली. त्या टोपीतलं क्लोरेट जळून मीठ उरतं, ते दमट हवेत रातोरात नळी खातं. तेलाने ते जात नाही.

नमुन्यातली काही काडतुसं उडाली, काही शेवटपर्यंत नाहीत. न उडालेल्यांच्या काड्या काढून फरशीवर पेटवल्या. पिवळी, शांत ज्योत, धूर नाही, राखही जवळपास नाही. म्हणजे टोपीतलं ठिणगी देणारं फुल्मिनेट उन्हाळ्या-उन्हाळ्यांत मरत गेलं आणि जिच्या नाजूकपणापायी कारखाने नि जहाजं उडाली ती दारू धडधाकट राहिली.

मोठ्या साहेबांना अहवालात एकच ओळ हवी होती, ‘काडतुसे जिवंत आहेत’. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, मग फोड कशाला, हा त्यांचा मुद्दा. कायद्याने बरोबरच. तरी मी वेगवेगळं लिहिलं: इतकी झाडली गेली, इतक्यांची टोपी निष्क्रिय परंतु दारू ज्वलनशील, उरलेली तपासलेली नाहीत. कोर्टात बचावाच्या वकिलांनी नेमकं तेच पकडलं. “टोपी उडत नाही म्हणजे काडतूस मेलेलंच ना, मॅडम?” म्हटलं, टोपी मेलेली आहे, दारू जिवंत आहे. न्यायाधीश म्हणाले, एक काय ते सांगा. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं. मालक मागच्या बाकावर बसले होते. निकाल अजून लागायचा आहे. माझ्या दोन ओळींचा त्यांना उपयोग होईल की त्या त्यांनाच भोवतील, हे मला ठरवता येत नाही.

अहवालाच्या शेवटी मी लिहिलं होतं की उरलेली काडतुसं पत्र्याच्या छपराखाली ठेवू नयेत, कॉर्डाईटला उष्णता सोसत नाही. ‘विचारलेल्या प्रश्नांत बसत नाही’ म्हणून ते वाक्य कापलं गेलं. वेगळं पत्र करून ठाण्याला पाठवलं. महिन्याभराने हवालदारांचा फोन आला.

“मॅडम, तुमचं पत्र मिळालं. डबा आता साहेबांच्या टेबलाखाली ठेवलाय. तिथं एसी आहे.”

तापमानाच्या दृष्टीने जागा अगदी योग्य होती. मी दुसरं पत्र टाईप करायला घेतलं.