स्पेनमधली वारी आणि आमचे माळकरी मामा

आमचा बेळगावी कुंदा, म्हणजे दुधाची मिठाई, तिकडं नेता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. युरोपात बाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळं शहापुरातनं हौसेनं आणलेला डबा घरीच राहिला. भडंग, शेंगाचटणी, बेसन, एक स्टीलचं पातेलं आणि मामांचे टाळ मात्र आरामात गेले.

भाऊ माद्रिदला नोकरीला आहे, त्याचं कधीपासनं चाललेलं की या, या. मामा खानापूर तालुक्यातले, माळकरी, दरवर्षी आषाढीला गावच्या दिंडीतनं चालत पंढरपूर. नुसतं फिरायला चला म्हणलं असतं तर हलले नसते, म्हणून सांगितलं की तिकडं पण वारी असतीय. तर म्हणाले, "मग तसं सांग की गे. कुणाची?"

सांतियागोची. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, संत याकोब, त्यांची समाधी स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसियातल्या सांतियागो शहरात आहे अशी श्रद्धा, आणि हजार वर्षांहून जास्त काळ लोक तिथं चालत जातायत. फ्रान्सच्या सीमेवरनं धरलं तर जवळपास ८०० किलोमीटर. आम्ही सारियापासनं चाललो, म्हणजे सुमारे ११५. किमान १०० किलोमीटर चाललं तर सर्टिफिकेट मिळतंय, म्हणून बरीचशी गर्दी सारियातच सुरू होते. एक कार्ड असतंय, त्यावर वाटेतल्या चर्चमध्ये, हॉटेलात, अगदी बारमध्ये पण शिक्के मारून घ्यायचे, दिवसाला दोन. बारमधला शिक्का मामांनी घेतला नाही.

वाट चुकायचं कारणच नाही, जिकडंतिकडं पिवळे बाण. एलियास वालिन्या नावाच्या एका धर्मगुरूनं १९८० च्या दशकात हे बाण रंगवायला घेतले, तोवर ही वाट जवळपास मोडलेली होती म्हणे. मोठ्या रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाचं नाव स्पॅनिश वळणाचं असलं की कुणीतरी स्प्रे मारून ते गॅलिशियन, म्हणजे तिथल्या भाषेतलं, करून ठेवलेलं. आम्हा बेळगावकरांना ह्यात काय नवीन, एक फोटो काढला आणि पुढं निघालो.

मुलूख म्हणाल तर थेट जांबोटी-कणकुंबी. तीच भुरभुर, तसलीच हिरवळ, फक्त फणसाच्या जागी चेस्टनट. वाटेतल्या मेलिदे गावाच्या पुढं नीलगिरीची रानंच्या रानं, कागदाच्या लगद्यासाठी लावलेली. मामा वर बघून म्हणाले, "इथं पण लावलं काय हे पाणीपिणं झाड!"

पोर्तोमारीन मात्र विसरणार नाही. मिन्यो नदीवर १९६० च्या दशकात बेलेसार धरण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. त्याआधी लोकांनी किल्ल्यासारखं दिसणारं जुनं चर्च दगड दगड सुटा करून वर टेकडीवर नेलं आणि परत रचलं. जवळ जाऊन बघितलं तर काही दगडांवर तेव्हा रंगानं टाकलेले नंबर अजून दिसतात. मामा चष्मा वर करून एकेका आकड्यावरनं बोट फिरवत सगळ्या भिंतीला फेरी मारून आले. आमच्याकडं घटप्रभेवरच्या हिडकल धरणात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आहे, वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतंय. त्या संध्याकाळी मामा जेवताना पण तेच म्हणत होते, "हुन्नूरचं देऊळ कुणी असं दगड मोजून हलवलं नाही बघ."

आता जेवण. मेलिदे म्हणजे ऑक्टोपस. तांब्याच्या हंड्यात उकडतात, कात्रीनं काप करून लाकडी ताटलीत घालतात, वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि लाल तिखट, जे आपल्या ब्याडगीसारखं रंगाला जास्त आणि जिभेला कमी. मी कारवारचे मासे खाऊन वाढलेली, दोन प्लेट संपवल्या, मामा तेवढा वेळ दाराकडं तोंड करून बसले. त्यांचे हालच होते. साध्या पालेभाजी-बटाट्याच्या सूपमध्ये पण डुकराची चरबी, आणि यात्रेकरूंच्या थाळीबरोबर पाण्याऐवजी वाईन यायची. शेवटी सापडल्या पाद्रोनच्या मिरच्या, बोटाएवढ्या, हिरव्या, तेलात परतून वर मीठ. बहुतेक गोड लागतात, मधनंच एखादी कानातनं धूर काढते, आणि कुठली ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. मामा पावाच्या जाड कवचाबरोबर एकेक खात तिखट निघायची वाट बघत बसायचे, आणि निघाली की एकदम खूश.

एका मुक्कामी किचन एकदम चकाचक, पण भांडं म्हणून एक नाही! तिथं आमचं पातेलं कामाला आलं. मामांनी पिठलं हाटलं, मी सुपरमार्केटातनं तांदूळ आणला. एक कोरियन मुलगी वास घेत आली, मग एक इटालियन नवरा-बायको, मग काय, जमिनीवरच पंगत. माझं स्पष्ट मत आहे की त्या वाटेवर हेच कमी आहे. तिथं सोय आहे, शिस्त आहे, स्वच्छ बाथरूम आहेत (आमच्या वारीत बायकांचे काय हाल होतात ते बायकांनाच विचारा), पण प्रत्येकजण आपापलं चालतो आणि आपापलं विकत घेऊन खातो. वारीत गावंच्या गावं भाकरी घेऊन उभी असतात, ते इथं नाही. मामांनी नीलगिरीच्या रानात टाळ काढून ज्ञानोबा-तुकाराम सुरू केलं तेव्हा पुढचे चार-पाच जण थांबले आणि आमच्याबरोबरच चालायला लागले.

सांतियागोचं कॅथेड्रल १२११ साली अर्पण झालेलं. आत जुन्या दारावर मास्टर मातेओनं कोरलेली कमान आहे, ११८८ ची, त्यात चोवीस म्हातारे हातात वाद्यं घेऊन बसलेत. "सूर जुळवायला लागलेत," मामा म्हणाले, आणि वीणा कुठली ते हुडकत बसले. खाली मधल्या खांबावर शेकडो वर्षं यात्रेकरूंनी हात ठेवून ठेवून पाच बोटांचे खड्डे पडलेत. आता हात लावू देत नाहीत.

मग रांग. वेदीच्या मागनं जिना चढायचा आणि संताच्या मूर्तीला पाठीमागनं मिठी मारायची, ही तिथली रीत. पंढरपुरात पायावर डोकं ठेवायचं, इथं गळाभेट. मामांनी उराउरी भेटावं तसं दोन्ही हातांनी धरलं आणि सोडेचनात, शेवटी मागच्या बाईनं खाकरून दाखवलं.

बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "परतवारी कधी निघायची?" म्हणलं, मामा, इथं सगळे विमानानं परत जातात. पूर्वी चालतच घरी जायचे, पण आता बाण पण एकाच बाजूनं दिसतात. "हे काय खरं नाही," म्हणाले. आमच्या गावची दिंडी पण द्वादशी सोडून क्रूझर करूनच परत येते, पण त्या वेळेला मी काय बोलले नाही.