खेळघर व्हिक्टोरियन कशानं दिसतं?

तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या घराचा नकाशा निम्मा केला की व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळच्या धाटणीचं, खेळघर (मुलांना खेळायला बांधलेलं छोटं घर) का तयार होत नाही? कारण सगळंच एका मापानं लहान करायचं नसतं. इंग्लंडच्या वाइट बेटावर ऑस्बोर्न या आपल्या निवासस्थानी राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्टनी मुलांसाठी 1853-54 मध्ये 'स्विस कॉटेज' बांधून घेतलं. ते लाकडी घर चांगलं ऐसपैस आहे. मुलांच्या मापाची आहेत ती चूल, भांडी आणि बागेतल्या, नावाची आद्याक्षरं असलेल्या हातगाड्या. मुलं तिथं खरंच रांधायची, आणि पिकवलेली भाजी वडिलांना बाजारभावानं विकायची. निव्वळ शोभेच्या खेळघरात ही गंमत येत नाही.

नवं बांधताना दाराची उंची नेहमीच्या 80 इंचांच्या दोन तृतीयांश, म्हणजे साधारण 53 इंच ठेवा. छपराचा उतार मात्र 45 अंशांपेक्षा कमी नको. तिथं कंजुषी केली की खेळघराची टपरी होते. भिंतीच्या फळ्या बाहेरून अडीच-तीन इंचच दिसू द्या. नेहमीच्या रुंद फळ्यांनी घर आखूड आणि बोजड दिसतं.

खरी मेहनत आहे छपराच्या त्रिकोणी कडेवरच्या नक्षीत. वाफेवरच्या करवती आल्यावर हे नक्षीकाम स्वस्त झालं आणि घरोघरी पोचलं. पाऊण इंच जाडीची फळी घ्या, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनंच जायला हव्यात. आधी ड्रिलनं भोकं, मग जिगसॉ (बारीक पात्याची, वळणं कापणारी विजेची करवत). दोन भोकांमध्ये निदान पाऊण इंच लाकूड सोडा. रेषेला आडवे गेलेले नक्षीचे बारीक सुळके वाहतुकीतच मोडतात. प्रायमर कापून झाल्यावर द्या, तोही भोकांच्या आतल्या कडांना आणि कापलेल्या टोकांना दोनदा. खालच्या टोकाशी पाणी साचतं आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. म्हणून ते टोक पन्हळीला टेकू देऊ नका.

सगळं पांढरं रंगवायचा मोह आवरा, ती नंतरची फॅशन. उत्तर-व्हिक्टोरियन घरांवर विटकरी, शेवाळी, गेरू असे रंग असत आणि खिडकीच्या तावदानांची चौकट बहुधा सर्वांत गडद. जुनं दार भंगारातून आणणार असाल तर त्यावरच्या रंगात शिसं असू शकतं. ते दार कोरडं घासू नका, आणि मुलांच्या हाताला लागेल अशा जागी तर बसवूच नका. बिजागरीकडच्या फटीत बोटं चिरडतात, तेव्हा ती फट रबरी पट्टीनं झाका.