कथेत येशू कुठेय?

माझी एखादी कथा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणी वाचली की बऱ्याचदा पहिला प्रश्न हाच येतो, छान लिहिलंयस रे, पण ह्यात येशू कुठेय? प्रेमानेच विचारतात, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. आणि लिहिणाऱ्या मित्रांमध्ये बसलो की बरोबर उलटं, चांगलं लिहितोस, फक्त ते विश्वास-प्रार्थना वगैरे जरा बाजूला ठेव, नाहीतर लिखाण प्रचारकी होतं. दोघांचंही ऐकलं की वाटतं दोघं मुळात एकच धरून चाललेत, की विश्वास म्हणजे मिठासारखा वरून घालायचा, एकाला जास्त हवाय आणि दुसऱ्याला अजिबात नको. मला ते तसं कधीच वाटलं नाही. का नाही, ते आज नीट लिहायचंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 31वा अध्याय लोक फारसा वाचत नाहीत. दहा आज्ञांपर्यंत सगळे येतात, मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, पडदे किती हात, फळ्या किती, कड्या किती, आणि तिथे वाचणारा गळतो. पण तिथेच देव मोशेला सांगतो की यहूदा वंशातल्या बसालेलला मी नाव घेऊन बोलावलंय आणि माझ्या आत्म्याने भरलंय. कशासाठी, तर सोनं-चांदी-पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकडावर कोरीव काम करायला. अब्राहाम होऊन गेला, योसेफ होऊन गेला, खुद्द मोशे समोर उभा आहे, पण देवाच्या आत्म्याने भरलं हे शब्द बायबलात पहिल्यांदा येतात ते एका कारागिरासाठी. संदेष्ट्यासाठी नाही, राजासाठी नाही. बसालेलने कुठे प्रवचन दिल्याची नोंद नाही, त्याचं एक वाक्यही कुठे नाही, त्याने काय केलं तर कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, बनवला, समई बनवली, आणि पुढे 35व्या अध्यायात येतं तसं इतरांना शिकवायची बुद्धीही त्याला मिळाली. म्हणजे हाताचं कसब हे आत्मिक आयुष्याच्या बाहेरचं काहीतरी आहे, छंद म्हणून ठीक आहे, असं बायबल तरी म्हणत नाही.

आणि गंमत अशी की लगेच पुढचा अध्याय सोन्याच्या वासराचा आहे. तेच लोक, तेच सोनं, तशीच कारागिरी. अहरोन लोकांच्या कानातली कुंडलं गोळा करतो, ओततो, कोरणीने आकार देतो, आणि मोशेने जाब विचारला तर म्हणतो काय, मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! मला ह्या उत्तराचा फार राग येतो. वासरू तर मूर्तिपूजा झालीच, पण स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूची जबाबदारीसुद्धा तो घेत नाही, जसं काही ती आपोआप झाली. म्हणून 31 आणि 32 हे दोन अध्याय मी नेहमी जोडून वाचतो. आपण बनवलेली गोष्ट आपल्या डोक्यावर बसू शकते, लाइक्स मोजत बसणाऱ्या कुठल्याही लेखकाला हे सांगायची गरज नाही. पण ह्या भीतीने देवाने कारागिरी बंद केली नाही. वासराचं प्रकरण निस्तरल्यावर त्याच लोकांनी पुन्हा सोनं आणून दिलं आणि बसालेल कामाला लागला.

येशूच्या दाखल्यांबद्दलही, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथांबद्दलही, बोलायला हवं, कारण कथेत येशू कुठेय ह्या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर तिथेच आहे. तो स्वतः ज्या कथा सांगायचा त्यात बहुतेक वेळा पेरणारा असतो, हरवलेलं मेंढरू असतं, मालक असतो, मजूर असतात, मासे असतात. कितीतरी दाखल्यांमध्ये देवाचं नावही येत नाही. उधळ्या पुत्राचा दाखला तर शेवटच करत नाही, थोरला भाऊ रागावून बाहेर उभा आहे, बाप त्याला समजावतोय, आणि कथा थांबते, तो आत गेला का नाही हे शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगत नाही. वर्कशॉपमध्ये कुणी अशी कथा आणली तर शेवट कर रे बाबा म्हणतील. पण समोर परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी धर्मपुढारी, बसले होते, शेवट त्यांनी करायचा होता. इतका ऐकणाऱ्यावर भरवसा ठेवणारा कथाकार आपला प्रभू आहे आणि आपण मात्र प्रत्येक कथेच्या शेवटी वचन चिकटवल्याशिवाय गप्प बसत नाही, हे मला खटकतं, खरंच खटकतं.

आता ज्या माणसामुळे हा सगळा विषय डोक्यात घोळतोय तो म्हणजे जेरार्ड मॅनली हॉपकिन्स. इंग्रज कवी, 1844चा जन्म, विद्यार्थी असतानाच 1866मध्ये कॅथलिक झाला, आणि 1868मध्ये जेझुइट, म्हणजे कॅथलिकांमधल्या एका संन्यस्त संघाचा सदस्य, व्हायचं ठरवलं तेव्हा त्याने आपल्या कविता जाळून टाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं, वरून हुकूम नव्हता. त्याचं त्यालाच वाटलं की आता मी जे आयुष्य पत्करतोय त्यात कविता बसत नाही, वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय पुन्हा लिहायचं नाही. आणि सात वर्षं जवळजवळ काहीच लिहिलं नाही. मग 1875च्या डिसेंबरमध्ये डॉइशलँड नावाचं जहाज थेम्स नदीच्या मुखाशी अडकून फुटलं, त्यात जर्मनीतल्या कायद्यांमुळे देश सोडावा लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन नन्स बुडाल्या. हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये ईश्वरविद्या शिकत होता, बातमीने हलून गेला, आणि तिथले रेक्टर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, सहज म्हणाले की ह्यावर कुणीतरी कविता लिहायला हवी. बस एवढंच. त्या एका वाक्यावर सात वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, आणि असं आलं की त्यातली लय कुणालाच कळेना, जेझुइटांच्या स्वतःच्या मासिकानेही ती कविता छापली नाही. 1889मध्ये डब्लिनला टायफॉइडने गेला तेव्हा कवी म्हणून त्याला मोजके मित्र सोडले तर कुणी ओळखत नव्हतं. त्यातल्याच एका मित्राने, रॉबर्ट ब्रिजेसने, जपून ठेवलेल्या कवितांचं पुस्तक आलं ते थेट 1918मध्ये.

मी ह्या माणसाशी मनातल्या मनात खूप भांडलोय. जाळल्या त्या चुकीचंच केलंस असं मला वाटतं, कारण बसालेलला देव आधी हत्यारं खाली ठेव असं म्हणत नाही. पण त्याचवेळी त्याच्या त्या निर्णयात जे आहे ते माझ्यात नाही हेही दिसतं, कवितेपेक्षा देव मोठा आहे हे त्याने नुसतं म्हटलं नाही, त्याची किंमत भरली. आणि नंतर जेव्हा लिहिलं तेव्हा छापून येतंय का नाही ह्यावर त्याचं लिहिणं टिकून नव्हतं. आणि ते रेक्टर! त्यांना कदाचित कळलंही नसेल आपण काय केलं ते. मंडळीतल्या वडीलधाऱ्या माणसाचा एक शब्द कलावंताला एवढा पुरतो, आणि तोच शब्द न मिळाल्याने किती वह्या कपाटात पडून असतील कोण जाणे.

ह्याच्या शेजारी मी नेहमी रेव्हरंड टिळकांना ठेवतो. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते आधीच कवी होते, आणि त्यांनी काही जाळलं नाही. ओवी, अभंग, संतांकडून आलेली सगळी भाषा सोबत घेऊन आले आणि त्यातच ख्रिस्ताची भजनं लिहिली. ख्रिस्तायन हे त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांच्या हातून पूर्ण झालं नाही, 1919मध्ये ते गेले, पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. त्यांच्याही कितीतरी आधी, 1616मध्ये, गोव्यात राहिलेल्या इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण ओवीतच छापलं गेलं होतं. म्हणजे कला आधी टाकायची आणि मग विश्वास धरायचा, असा रस्ता आपल्याकडच्या लोकांनी तरी घेतला नाही.

जर्मन संगीतकार बाखचं एकच सांगतो. त्याच्या हस्तलिखितांवर सुरुवातीला 'येशू, मदत कर' आणि शेवटी 'केवळ देवाला गौरव' ह्या अर्थाची लॅटिन आद्याक्षरं असतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण 1720मध्ये त्याने नऊ वर्षांच्या मुलासाठी वाजवायला शिकायची वही बनवली, त्यात कुठलं बोट कुठे ठेवायचं ते दाखवणारा एक छोटासा तुकडा आहे, त्याच्यावरही 'येशूच्या नावाने' अशी अक्षरं आहेत. बोटांचा सराव! त्यात ना वचन, ना चर्च, ना शब्द. मला वाटतं बाखला तो येशू कुठेय असा प्रश्न पडलाच नसता.

एक गोष्ट मात्र राहतेच, आणि ती मला सगळ्यात जास्त सतावते. आपण भक्तिगीतं लिहितो ती जवळजवळ सगळी आनंदात संपतात. दुसऱ्या कडव्यात थोडं दुःख, तिसऱ्यात सुटका, मग हालेलुया. आता बायबलातलं स्तोत्र 88 उघडून बघा. हेमान एज्राहीचं नाव आहे त्यावर. रात्रंदिवस ओरडतोय, देवा तू तोंड का लपवतोस विचारतोय, आणि शेवटी येतो काळोख. संपलं. बाकी विलापाची स्तोत्रं सहसा कुठेतरी वळतात, 22वं वळतं, 13वं वळतं, हे वळत नाही. आणि शीर्षक वाचा, ते मुख्य गवयासाठी आहे, म्हणजे हे एकट्याने खोलीत रडायला नव्हतं, सगळ्यांनी मिळून गायला दिलेलं होतं. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, ज्याची प्रार्थना वर्षानुवर्षं ऐकलीच गेली नाही, त्याच्या तोंडात आपण काय देतो? त्याला तिसरं कडवं खोटं वाटतं आणि तो गप्प उभा राहतो, मी पाहिलेत असे लोक उपासनेत. हॉपकिन्सनेही डब्लिनमध्ये शेवटच्या वर्षांत अशीच भयंकर अंधारी सुनीतं लिहिली, धर्मगुरू असताना, विश्वास न सोडता.

तर सध्या कथा बाजूला ठेवून मी 88वं स्तोत्र अभंगात बसवायला घेतलंय. शेवटी काही आशेचं जोडणार नाही, आहे तसंच ठेवणार. निम्मं झालंय, पण चाल मला सुचत नाहीये, ते माझं काम नाही. तुमच्यापैकी कुणी चाली लावत असेल आणि मंडळीत हे गायची तयारी असेल तर मला कळवा, झालेली कडवी पाठवतो.