तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रॉबिन मूर’वरचे सगळे वाचले ना?

बोटीवरची नोकरी संपल्यापासून मी मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्या पोरांना शिकवतो. दुसऱ्या महायुद्धात बुडवलेल्या ‘रॉबिन मूर’ या जहाजाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘सर, त्यातलं तर कुणी मेलं नाही. मग तुम्ही एवढे का चिडता?’

२१ मे १९४१. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, आणि हे अमेरिकन मालवाहू जहाज आफ्रिकेला निघालं होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउन बंदराच्या पश्चिमेला सुमारे ७५० मैलांवर यू-६९ या जर्मन पाणबुडीने त्याला गाठलं. आमच्या शत्रूला माल नेताय, एवढं कारण तिच्या कप्तानाला, योस्ट मेट्झलरला, पुरलं. माणसांना लाइफबोटींत उतरायला थोडा वेळ दिला, मग टॉर्पेडो सोडला आणि वर तोफही डागली. निघताना पाणबुडीवाल्यांनी जहाजाच्या कप्तानाला पावाचे चार आणि लोण्याचे दोन डबे दिले. माणसं होती ४६, त्यांत एक लहान मूल.

‘म्हणजे माणुसकी दाखवली की,’ असं पोरं म्हणतात तेव्हा माझा जीव तुटतो. पाणबुड्यांसाठीचा १९३६ चा लंडन प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार जर्मनीनेही मान्य केला होता. व्यापारी जहाज बुडवण्याआधी त्यावरच्या माणसांना सुरक्षित जागी पोचवा, असं तो बजावतो. आणि जवळ किनारा किंवा दुसरं जहाज असल्याशिवाय लाइफबोट ही सुरक्षित जागा धरायची नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. ज्याने हे लिहिलं त्याला समुद्र ठाऊक होता. त्या काळच्या लाइफबोटीला छप्पर नसे. विषुववृत्ताजवळचं ऊन थेट डोक्यावर, खाऱ्या पाण्याने ओठ फुटलेले, प्यायचं पाणी घोटाघोटाने मोजून, आणि लाट आत आली की उपसत बसायचं. बंदरात नुसत्या ड्रिलसाठी उतरवलेल्या बोटीतसुद्धा तासाभरात अंग आंबून जातं. तिथे तर आजूबाजूला शेकडो मैल काही नव्हतं.

पुढे कप्तानाची होडी बाकीच्या तिघींपासून दुरावली. त्या तिघींतल्या ३५ जणांना ‘सिटी ऑफ वेलिंग्टन’ या ब्रिटिश जहाजाने उचललं. कप्तानासह ११ जण मात्र १८ दिवस वाहत होते. ब्राझीलच्या ‘ओसोरिओ’ जहाजाला ते दिसले, तेव्हा कुठे जहाज बुडाल्याचं जगाला कळलं. २० जूनला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकन काँग्रेसला संदेश पाठवून या कृत्याचा निषेध केला.

सगळे वाचले, खरंय. त्याचं श्रेय मी त्या दोन जहाजांवरून समुद्रावर नजर ठेवून उभ्या असलेल्या खलाशांना देतो. मेट्झलरला नाही.