भिंतीवरचा कागद

आज चर्चमध्ये उपासनेनंतर हंगामी पाळकसाहेबांनी, म्हणजे नवा पाळक मिळेपर्यंत आमची मंडळी (चर्चचा समुदाय) सांभाळणाऱ्या धर्मगुरूंनी, सभागृहाच्या भिंतीवर लांबलचक कोरा कागद चिकटवला आणि प्रत्येकाच्या हातात स्केचपेन दिलं. "मंडळीत आलात ते वर्ष लिहा. आणि दुखलं तेही."

बराच वेळ कुणी हललं नाही. मग एका आजींनी १९८७ लिहिलं, पुढे एकच शब्द: भांडण. झालं, रांगच लागली!

खरं सांगते, हे पाळकसाहेब आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. वर्ष-दीड वर्षासाठी आलेला माणूस करणार काय? आधीचे पाळक २२ वर्षं होते. त्यांचा चष्मा अजून पुलपिटाच्या (उपदेशाच्या व्यासपीठाच्या) खणात आहे, हलवायला कुणी धजत नाही. पण बऱ्याच प्रॉटेस्टंट पंथांत हंगामी पाळकाला सहसा त्याच मंडळीत कायम होता येत नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे कुणाची मर्जी राखायची गरजच नाही. कमिटीतल्या दोन गटांबद्दलही थेट विचारतात. (उपदेश मात्र लांबवतात, ते असो.)

निघताना पाहिलं, कागदाची डावी बाजू गच्च, उजवी कोरी. साहेब म्हणाले, "काढू नका. नवा पाळक शोधणाऱ्या समितीला लागेल."

चष्म्याचं अजून कुणी काही बोललेलं नाही.